आरमार, यंत्रे आणि राजसत्ता: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

सागरी इतिहासाविषयी येणाऱ्या पत्रांत एक गोष्ट सतत आढळते. विचारणारे बदलतात, पण प्रश्नामागचा समज तोच राहतो: कोणीतरी एक अद्भुत जहाज बांधले किंवा एक नवे शस्त्र शोधले, आणि त्यासरशी राज्ये उलटली. हा समज पसरवणाऱ्या चित्रफिती आता इतक्या झाल्या आहेत की, प्रत्येकीचे वेगळे खंडन करणे शक्य नाही. म्हणून वारंवार येणारे प्रश्न एकत्र घेऊन येथे उत्तरे देत आहे. काही उत्तरे एक-दोन ओळींचीच आहेत, कारण त्यांना त्याहून अधिक जागा देण्याचे कारण नाही. एक उत्तर मात्र बरेच लांबले आहे, आणि ते आवरते घेण्याची माझी इच्छा नाही.

प्रश्न: आर्किमिडीजने आरशांनी सूर्यकिरण एकवटून रोमन जहाजे जाळली, हे खरे आहे का?

आर्किमिडीजच्या सिराक्यूज शहराला रोमनांनी घातलेल्या वेढ्याचे (इ.स.पू. 213–212) जे सर्वांत जुने वर्णन आपल्या हाती आहे, त्यात दगड फेकणारी यंत्रे आहेत आणि जहाजाची नाळ वर उचलून आपटणारे आकडे आहेत. आरसे नाहीत. ती कथा अनेक शतकांनंतरची आहे.

प्रश्न: प्राचीन युद्धनौकांवर वल्ही मारणारे साखळदंडाने बांधलेले गुलाम असत, असे चित्रपटांत दाखवतात. ते कितपत बरोबर आहे?

काळाची सरमिसळ झाली आहे. अथेन्सच्या तीन रांगांच्या युद्धनौकेवर 170 वल्हेकरी असत आणि ते बहुतांशी स्वतंत्र, पगारी लोक होते. त्यांत शहरातील गरीब नागरिकांचा भरणा मोठा होता. प्रत्येक माणसाच्या हाती एक वल्हे असे आणि ते शेजाऱ्याच्या वल्ह्यात न अडकवता तालात मारणे हे शिकून घ्यावे लागणारे कसब होते. अथेन्सजवळच्या लॉरियनच्या खाणीत चांदीचा नवा साठा लागला तेव्हा ती रक्कम वाटून न घेता तीतून जहाजे बांधावीत, असे थेमिस्टोक्लीझ या नेत्याने नागरिकांच्या सभेला पटवले आणि इ.स.पू. 480 मध्ये त्याच जहाजांनी सॅलॅमिसच्या सामुद्रधुनीत इराणी आरमाराचा पराभव केला. ज्यांच्या दंडांवर शहर वाचले, त्या वर्गाला यापुढे सभेत गप्प बसवणे अवघड झाले. अथेन्सच्या लोकशाहीचा विस्तार आणि तिचे आरमार यांचा संबंध प्राचीन लेखकांनीच नोंदवला आहे, आणि त्यांतील काहींना तो मुळीच आवडलेला नव्हता.

साखळदंडाचे चित्र बरेचसे सोळाव्या–सतराव्या शतकांतील भूमध्य समुद्राचे आहे. त्यामागे क्रौर्य होते तसे एक तांत्रिक कारणही होते. एका माणसामागे एक वल्हे ही पद्धत मागे पडून एकाच मोठ्या वल्ह्यावर तीन ते पाच माणसे बसवण्याची पद्धत आली. त्यांतील एकाला कसब असले की बाकीच्यांनी नुसता जोर लावला तरी भागे, आणि नुसता जोर कैद्याकडूनही काढून घेता येतो. कोणत्या शतकाविषयी बोलत आहोत हे ठरवल्याशिवाय या विषयावर विधान करू नये. शाळेच्या प्रकल्पासाठी विचारत असाल तर आपल्या इतिहासाच्या शिक्षकांना मसुदा आधी दाखवा.

प्रश्न: कान्होजी आंग्रे यांना इंग्रजी कागदपत्रांत चाचा म्हटले आहे. मग खरे काय मानायचे?

इंग्रजी कागद कोणी लिहिले, हे आधी पाहावे. लिहिणारी ईस्ट इंडिया कंपनी ही त्या किनाऱ्यावरची प्रतिस्पर्धी होती, न्यायाधीश नव्हती. सोळाव्या शतकाच्या प्रारंभी पोर्तुगीजांनी हिंदी महासागरात एक नवा दंडक आणला: आमचा परवाना, म्हणजे कार्ताझ, घेतल्याशिवाय कोणी व्यापारी जहाज चालवायचे नाही, आणि चालवल्यास ते जप्त होईल. त्यापूर्वी या समुद्रात बंदरावर जकात घेण्याची रीत होती. भर समुद्रावर हक्क सांगण्याची नव्हती. जहाजावर बसवलेल्या तोफांनी हा नवा हक्क शक्य केला. पुढे कान्होजींनी आपल्या किनाऱ्यावरून जाणाऱ्या जहाजांनी आपले दस्तक घ्यावे अशी मागणी केली, तेव्हा ते युरोपीयांनीच रुळवलेल्या प्रथेचा वापर करत होते. फरक इतकाच होता की, 1713 नंतर ते शाहू छत्रपतींचे सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख, म्हणून अधिकृत पदावर होते. कंपनीला दस्तक घेणे मान्य नव्हते, म्हणून तिच्या लेखी ती चाचेगिरी ठरली.

त्यांची लढण्याची रीतही समजून घ्यावी. गुराब हे कमी पाण्यात चालणारे, पुढच्या बाजूने तोफा डागणारे जहाज होते आणि गलबते लहान, वल्ह्यांवर चालणारी, चपळ होती. वारा पडला की मोठे युरोपीय जहाज जागच्या जागी अडके. अशा वेळी गलबते गुराबांना ओढत त्याच्या पिछाडीला, जिथे त्याच्या तोफा सर्वांत कमी, तिथे आणत. खोल समुद्रात आणि भर वाऱ्यात हे जमले नसते, पण कान्होजींना खोल समुद्र जिंकायचा नव्हताच. 1721 मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज यांनी मिळून अलिबागजवळच्या कुलाबा किल्ल्यावर चढाई केली, ती फसली.

मला या प्रकरणातील खरी वेदना 1756 ची वाटते, आणि तिच्याविषयी मात्र कोणी पत्र लिहीत नाही. त्या वर्षी फेब्रुवारीत वॉटसन आणि क्लाइव्ह या इंग्रज सेनापतींनी विजयदुर्गावर हल्ला केला आणि कान्होजींचे पुत्र तुळाजी आंग्रे यांचे आरमार बंदरातच जळाले. या मोहिमेत पेशवे इंग्रजांच्या बाजूने होते. घरातील वैर मिटवण्यासाठी त्यांनी परक्याचे आरमार बोलावले, आणि त्या किनाऱ्यावर इंग्रजांना अनेक दशके अडवणारे जे एकमेव बळ होते ते संपले. त्यानंतर तशा तोलाचे आरमार पुन्हा उभे राहिले नाही. या विषयावर लिहिणार असाल तर केवळ इंग्रजी किंवा केवळ मराठी साधनांवर विसंबू नका. मोडी वाचू शकणाऱ्या अभ्यासकाचा आणि पोर्तुगीज दप्तरे हाताळलेल्या एखाद्याचा सल्ला अवश्य घ्या.

प्रश्न: किनाऱ्याजवळ मिळालेला एक जुना तोफगोळा अनेक वर्षांपासून घरी आहे. त्याला टोकाला पितळी भाग आहे. तो घासून स्वच्छ करावा का?

घासू नका, हलवू नका, घरातील सर्वांना दूर न्या आणि हे वाचून झाल्यावर लगेच पोलिसांना कळवा. भरीव लोखंडी गोळा आणि आत दारू भरलेला गोळा यांतील फरक छायाचित्रावरून सांगण्याचे धाडस मी करणार नाही. टोकाला पितळी भाग आहे म्हणजे ती ठिणगी देणारी कळ असण्याची शक्यता आहे. जुना आहे म्हणून तो निकामी झाला असेल, हा समज प्राणघातक आहे. रिचर्ड मॉन्टगोमेरी हे अमेरिकन मालवाहू जहाज 1944 मध्ये टेम्सच्या मुखाशी बुडाले, आणि त्यातील सुमारे 1,400 टन स्फोटकांच्या भीतीने आजही त्याच्याभोवती कोणाला फिरकू दिले जात नाही. अनेक वर्षे घरात ठेवल्यानंतर मला पत्र लिहून उत्तराची वाट पाहणे, हा विलंब मला समजू शकत नाही.

प्रश्न: ट्रफाल्गरच्या लढाईमुळे नेपोलियनची इंग्लंडवरील स्वारी टळली ना?

नाही. तारखा पाहा. नेपोलियनने बुलोन येथील छावणी ऑगस्ट 1805 च्या अखेरीस मोडली आणि सैन्य पूर्वेकडे वळवले. ट्रफाल्गरची लढाई 21 ऑक्टोबरला झाली. त्याच्या आदल्याच दिवशी उल्म येथे ऑस्ट्रियाचे सैन्य त्याला शरण गेले होते. नेल्सनच्या 27 जहाजांनी 33 फ्रेंच व स्पॅनिश जहाजांविरुद्ध एकही जहाज न गमावता विजय मिळवला, तरी सहा आठवड्यांतच ऑस्टर्लिट्झला नेपोलियनने आपला सर्वांत मोठा विजय मिळवला. ट्रफाल्गरचा परिणाम सावकाश दिसला. समुद्रावर इंग्लंडला गाठता येत नाही म्हटल्यावर त्याचा व्यापार युरोपच्या बंदरांतच कोंडायचे नेपोलियनने ठरवले, 1806 मध्ये तसे फर्मान काढले, आणि ती कोंडी सर्वांकडून पाळून घेण्याच्या हट्टाने तो पोर्तुगाल, स्पेन आणि अखेर रशियापर्यंत खेचला गेला.

प्रश्न: ‘मॉस्क्वा’ ही रशियन युद्धनौका बुडाल्यानंतर आणि समुद्री ड्रोन आल्यानंतर मोठ्या युद्धनौकांचे युग संपले, असे अनेक तज्ज्ञ सांगत आहेत. आपले मत काय?

हा प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत सर्वाधिक वेळा आला आहे. मोठ्या जहाजांचे युग संपल्याची घोषणा गेली दीडशे वर्षे दर पिढीत होत आली आहे, आणि ती करणाऱ्यांपैकी फारच थोड्यांनी मागच्या घोषणेचे काय झाले हे तपासलेले असते.

20 जुलै 1866 रोजी लिसा बेटाजवळ ऑस्ट्रियाच्या सेनापतीने आपले चिलखती जहाज इटलीच्या ‘रे दितालिया’वर थेट नेऊन आदळवले आणि ते बुडवले. त्या इटालियन जहाजाचे सुकाणू आधीच निकामी झालेले होते, ही गोष्ट कोणी फारशी मनावर घेतली नाही. टक्कर देणे हेच भविष्यातील शस्त्र, असा निष्कर्ष निघाला आणि त्यापुढील कित्येक वर्षे जगभरच्या युद्धनौकांच्या नाळेवर पाण्याखाली पोलादी सोंड बसवली गेली. त्या सोंडेने शत्रूची जहाजे फारशी बुडाली नाहीत. 1893 मध्ये भूमध्य समुद्रात सराव चालू असताना ‘कॅम्परडाउन’ची सोंड ‘व्हिक्टोरिया’ या ब्रिटिश ध्वजनौकेत शिरली आणि 358 माणसे बुडाली. त्यांत वळण्याचा चुकीचा हुकूम देणारा सेनापतीही होता. एका अपवादात्मक लढाईवरून नियम काढला की असे होते.

त्याच 1866 साली फ्युमे येथे व्हाइटहेड या इंग्रज अभियंत्याने स्वतःच्या बळावर चालणारा टॉर्पेडो तयार केला. काही वर्षांत फ्रान्समधील तरुण अधिकाऱ्यांचा एक गट सांगू लागला की, स्वस्त टॉर्पेडो-नौकांचा थवा इंग्लंडच्या महागड्या जहाजांना संपवील. आजच्या ड्रोनविषयीची वाक्ये आणि त्यांची वाक्ये शेजारी ठेवली तर फक्त यंत्राचे नाव बदलावे लागेल. उत्तरादाखल झटपट मारा करणाऱ्या लहान तोफा आल्या, प्रकाशझोत आले, जहाजाभोवती जाळ्या आल्या आणि टॉर्पेडो-नौकांची शिकार करण्यासाठी विनाशिका हा नवा वर्ग जन्माला आला. ज्या नौकांना मारण्यासाठी विनाशिका बांधली त्या काळाआड गेल्या; विनाशिका आजही आहे.

1906 मध्ये ब्रिटनने ‘ड्रेडनॉट’ उतरवले: एकाच मापाच्या 12 इंची दहा तोफा, वाफेची टर्बाइन, 21 नॉट वेग. त्यापुढे सर्व जुनी जहाजे कालबाह्य ठरली, आणि त्यांत सर्वांत मोठा साठा ब्रिटनचाच होता. जर्मनीला शर्यत पुन्हा आरंभापासून खेळण्याची संधी मिळाली. या शर्यतीचा खर्च आणि वृद्धांचे निवृत्तिवेतन यांचा मेळ घालण्यासाठी 1909 मध्ये ब्रिटनच्या अर्थसंकल्पात श्रीमंतांवर कर वाढवले गेले, उमरावांच्या सभागृहाने तो अर्थसंकल्प फेटाळला, आणि त्या वादाची अखेर 1911 मध्ये त्या सभागृहाचा नकाराधिकार छाटण्यात झाली. तोफांच्या मापावरून राज्यघटनेपर्यंत वाट कशी जाते, याचे याहून स्पष्ट उदाहरण मला ठाऊक नाही. ही सगळी जहाजे 1916 मध्ये जटलंडला समोरासमोर आली, तेव्हा ब्रिटनने 14 जहाजे आणि 6,094 माणसे गमावली, जर्मनीने 11 जहाजे आणि 2,551 माणसे. आकड्यांत जर्मनी सरस ठरले. तरीही दुसऱ्या दिवशी ब्रिटनने जर्मनीची केलेली नाकेबंदी होती तशीच राहिली, आणि जर्मनीतील अन्नटंचाई आणखी वाढत गेली.

मग पाणबुडी आली. एप्रिल 1917 या एका महिन्यात सुमारे साडेआठ लाख टनांची जहाजे बुडाली आणि ब्रिटन उपासमारीच्या उंबरठ्यावर आले. त्यावरचा उपाय कोणते नवे यंत्र नव्हते. व्यापारी जहाजांना एकत्र करून संरक्षक नौकांसह काफिल्याने न्यायचे, ही शिडांच्या काळापासूनची रीत होती. ती उपाययोजना नौदलाच्या मुख्यालयात महिनोन्‌महिने अडून राहिली, कारण काफिले जमवणे अशक्य आहे असे तेथील अधिकाऱ्यांनी गृहीत धरले होते. त्या अवधीत किती खलाशी बुडाले याचा हिशेब त्या फायलींवर शेरे मारणाऱ्यांनी कधी दिला नाही.

क्षेपणास्त्रांचीही तीच कथा आहे. 21 ऑक्टोबर 1967 रोजी इजिप्तच्या लहान नौकांनी पोर्ट सैदजवळ ‘एलात’ ही इस्रायली विनाशिका बुडवली आणि पुन्हा तीच घोषणा झाली. 1973 मध्ये लताकियाजवळ सीरियाने त्याच जातीची क्षेपणास्त्रे सोडली. इस्रायलने त्यांना इलेक्ट्रॉनिक उपायांनी भुलवले, आणि एकही लागले नाही. दोन घटनांत सहा वर्षांचे अंतर आहे. एलातच्या वेळी जे अजिंक्य वाटले ते इतक्या अवधीत आवाक्यात आले होते, आणि अर्थात त्यानंतर क्षेपणास्त्रेही अधिक हुशार झाली. 1982 मध्ये फॉकलंड युद्धात ‘शेफील्ड’ या ब्रिटिश विनाशिकेला त्याची किंमत मोजावी लागली.

आता काळ्या समुद्राकडे येऊ. 14 एप्रिल 2022 रोजी ‘मॉस्क्वा’ बुडाली, आणि पुढे युक्रेनने समुद्री ड्रोनांच्या साहाय्याने रशियन आरमाराला समुद्राच्या पश्चिम भागातून मागे रेटले, हे निर्विवाद आहे. पण तो समुद्र बंदिस्त आहे. किनाऱ्यावरून मारा पोहोचतो. आणि 1936 च्या मॉन्त्रो करारान्वये तुर्कस्तानने सामुद्रधुन्या युद्धनौकांसाठी बंद केल्यामुळे रशियाला बुडालेल्या जहाजांच्या जागी दुसरी आणता आली नाहीत. एका करारातील कलमाने ड्रोनांइतकेच काम केले, हे कोणत्या चित्रफितीत सांगितले आहे? शिवाय युक्रेनला ज्यासाठी हा समुद्र मोकळा हवा होता ते धान्य शेवटी मोठ्या, मंद, मालवाहू जहाजांतूनच गेले. शत्रूला समुद्र वापरू न देणे स्वस्त होत चालले आहे, हे मी मान्य करतो. स्वतः समुद्र वापरणे अजूनही महाग आहे, आणि ज्याला दूरचा व्यापार राखायचा आहे त्याची त्यातून सुटका नाही.

म्हणून माझा आग्रह असा आहे की, जहाजाकडे पाहण्याआधी गोदीकडे पाहावे. 1571 मध्ये लेपांटोच्या लढाईत व्हेनिस आणि त्याच्या मित्रांपुढे उस्मानी (तुर्की) आरमार जवळजवळ नष्ट झाले, आणि एका हिवाळ्यात त्यांनी तेवढीच जहाजे पुन्हा बांधली. दोन वर्षांनी व्हेनिसने तह करून सायप्रस त्यांच्याकडे सोडले. लाकूड, कारागीर आणि पैसा हाताशी असल्याने हे शक्य झाले. मात्र लेपांटोत मेलेले अनुभवी धनुर्धर आणि खलाशी एका हिवाळ्यात तयार होण्यासारखे नव्हते, आणि ती उणीव पुढे जाणवत राहिली. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने ‘लिबर्टी’ जातीची 2,710 मालवाहू जहाजे बांधली. त्यांचा वेग बेताचा होता, त्यांच्यात दिमाखदार काही नव्हते, आणि जर्मन पाणबुड्यांना त्यांतील जितकी बुडवता आली त्याहून अधिक वेगाने ती पाण्यात उतरत होती. ‘यामाटो’ या जगातील सर्वांत मोठ्या तोफांच्या युद्धनौकेविषयी मला दर महिन्याला पत्र येते. लिबर्टी जहाजांविषयी एकही आलेले नाही.

यावर लेख, व्याख्यान किंवा स्पर्धा परीक्षेचे उत्तर लिहिणार असाल तर एखाद्या निवृत्त नौदल अभियंत्याला किंवा गोदीत काम केलेल्या माणसाला आधी भेटा. दुरुस्तीसाठी जहाज किती काळ कोरड्या गोदीत पडून राहते, एवढा एकच प्रश्न त्यांना विचारा आणि उत्तर पूर्ण ऐकून घ्या.

प्रश्न: नौदलांचे महत्त्व वाढत आहे, तर जहाजबांधणी कंपन्यांचे समभाग घ्यावेत का?

नोंदणीकृत गुंतवणूक सल्लागाराला विचारा.

प्रश्न: लिंबाच्या रसाने ब्रिटिश साम्राज्य उभे केले, असे एका व्याख्यानात ऐकले. हे अतिशयोक्त नाही का?

अतिशयोक्त आहे, पण निराधार नाही. दीर्घ सागरी प्रवासात हिरड्यांतून रक्त येणे, जुन्या जखमा पुन्हा उघडणे आणि अखेर मृत्यू, असा स्कर्व्हीचा क्रम असे, आणि शिडांच्या काळात या व इतर रोगांनी लढाईपेक्षा कितीतरी अधिक खलाशी मारले. 1747 मध्ये ‘सॅलिसबरी’ या जहाजावर जेम्स लिंड या शल्यवैद्याने 12 रुग्णांच्या दोन-दोनच्या सहा जोड्या करून प्रत्येक जोडीला वेगळा उपचार दिला. संत्री आणि लिंबे मिळालेली जोडी सर्वांत लवकर बरी झाली. ब्रिटिश नौदलाने लिंबाचा रस सर्रास द्यायला आरंभ केला 1795 मध्ये. मधल्या 48 वर्षांचे समर्थन करता येत नाही, जरी लिंडने स्वतः सुचवलेला उकळून आटवलेला रस गुण गमावत असे, हेही खरे. त्यानंतर मात्र जहाजांचे ताफे फ्रेंच बंदरांसमोर महिनोन्‌महिने पहारा देऊ शकले, आणि दीर्घ नाकेबंदी हे ब्रिटनचे खरे शस्त्र बनले.

पुढे त्याच नौदलाने लिंबाऐवजी वेस्ट इंडीजमधील, कमी गुणाचा, दुसऱ्या जातीच्या लिंबाचा रस वापरला आणि 1875 च्या ध्रुवीय मोहिमेत स्कर्व्ही परतली. उपाय ठाऊक होता, कारण ठाऊक नव्हते. ते 1930 च्या दशकात कळले. प्रश्नकर्त्यांनी पत्राच्या शेवटी क जीवनसत्त्वाच्या गोळ्या किती घ्याव्यात असेही विचारले आहे. ते आपल्या डॉक्टरांना विचारावे.

प्रश्न: 1943 मध्ये अमेरिकेने फिलाडेल्फियात एक युद्धनौका अदृश्य केली होती का?

नाही. ज्या ‘एल्ड्रिज’चे नाव घेतले जाते ती नौदलाच्या नोंदींनुसार त्या काळात त्या बंदरात नव्हतीच. जहाजांभोवती विजेच्या तारा गुंडाळण्याचे काम खरोखर चालत असे, पण ते जहाजाचे चुंबकत्व मारण्यासाठी. 1939 च्या नोव्हेंबरात इंग्लंडच्या किनाऱ्यावरील चिखलात एक जर्मन चुंबकीय सुरुंग अखंड सापडला, नौदलाच्या तज्ज्ञांनी जीव मुठीत धरून तो उघडला, आणि त्यावरून हा उपाय निघाला. खरी हकीकत इतकी चांगली असताना खोटी का हवी असते, कोण जाणे.

प्रश्न: बुडालेल्या युद्धनौकेवरील मूळ पितळी सेक्स्टंट (सूर्य-ताऱ्यांची उंची मोजून जहाजाचे स्थान काढण्याचे उपकरण) ऑनलाइन विकत मिळत आहे, प्रमाणपत्रासह. घ्यावा का?

प्रमाणपत्र कोणी दिले आहे, ते वाचा. बहुधा विक्रेत्यानेच दिलेले असेल. पितळ मुद्दाम काळवंडवून, त्यावर जुने साल आणि एखाद्या नामांकित नौदलाचे नाव कोरून शोभेची उपकरणे विकण्याचा धंदा फार मोठा आहे. खऱ्या सेक्स्टंटच्या कमानीवरील खुणा सूक्ष्म आणि एकसारख्या असतात आणि आरसे नीट जुळवता येतात. शोभेच्या वस्तूत हे क्वचितच साधलेले असते. तरीही अंतिम निर्णय सागरी संग्रहालयातील जाणकाराने वस्तू हातात घेऊनच करायचा आहे.

आणि ती वस्तू खरी निघाली तर अडचण अधिक मोठी आहे. बुडालेली युद्धनौका सामान्यतः तिच्या देशाची मालमत्ता मानली जाते, आणि बहुतेक वेळा ती खलाशांची कबरही असते. फेब्रुवारी 1942 मध्ये जावा समुद्रात बुडालेल्या ‘डी राउटर’ आणि ‘जावा’ या डच नौका 2016 मध्ये पाणबुडे पाहायला गेले तेव्हा तळावरून संपूर्ण नाहीशा झालेल्या आढळल्या. भंगारासाठी त्या तुकड्या-तुकड्यांनी उचलल्या गेल्या होत्या. खरेदीदार आहे म्हणून हे चालते. पैसे देण्याआधी वकिलाला भेटा.

प्रश्न: राज्यक्रांतीचा आरंभ अनेकदा युद्धनौकांवरच का झाला?

चांगला प्रश्न. यंत्रांनी लढाई बदलली तशी लढणारी माणसेही बदलली. वाफेच्या आणि विजेच्या जहाजाला भट्टीवाले, वीजतंत्री, तारायंत्रावरचे लोक लागत, म्हणजे लिहिता-वाचता येणारे, कारखान्यातून आलेले, संघटना म्हणजे काय ते ठाऊक असलेले. त्यांना दाटीवाटीने एका पोलादी कवचात ठेवायचे, अधिकाऱ्यांना वेगळे जेवण द्यायचे आणि जहाज महिनोन्‌महिने बंदरात निष्क्रिय उभे करायचे, याचा परिणाम पुनःपुन्हा तोच झाला. 1905 मध्ये ‘पोट्योम्किन’ या रशियन युद्धनौकेवर किड्यांनी भरलेल्या मांसावरून ठिणगी पडली. ऑक्टोबर 1918 च्या अखेरीस जर्मन आरमाराला, युद्ध हरल्यात जमा असताना, एका शेवटच्या लढाईसाठी बाहेर पडण्याचा हुकूम मिळाला. खलाशांनी तो मानला नाही, कीलमध्ये उठाव झाला, आणि 9 नोव्हेंबरला कैसरचे राज्य संपले. 18 फेब्रुवारी 1946 रोजी मुंबईत ‘तलवार’ या संदेशवहन प्रशिक्षण केंद्रातील भारतीय खलाशांनी निकृष्ट अन्न आणि अपमानास्पद वागणूक यांविरुद्ध संप पुकारला. ते बिनतारी यंत्रावरचेच लोक असल्यामुळे बातमी इतर जहाजांना कोणी पोहोचवायची, हा प्रश्नच उद्भवला नाही.

मात्र यंत्रयुग हेच एकमेव कारण समजू नका. 1797 मध्ये शिडांच्या ब्रिटिश आरमारातही मोठे बंड झाले होते, कारण खलाशांचा पगार शंभर वर्षांहून अधिक काळ वाढलेला नव्हता. स्पिटहेडच्या खलाशांना पगारवाढ मिळाली. त्यापाठोपाठ नोर येथे उठलेल्यांच्या पुढाऱ्याला फाशी मिळाली. राजकीय मागण्या कोठे शिरल्या आणि त्यामुळे काय बदलले, हे प्रत्येक प्रकरणात स्वतंत्रपणे अभ्यासावे लागते.

प्रश्न: आजोबा दुसऱ्या महायुद्धात नौदलात होते. त्यांची पत्रे, सेवापुस्तिका आणि पदके आहेत. कागद ठिसूळ झाले आहेत, म्हणून लॅमिनेट करून घ्यायचा विचार आहे.

कृपया तो विचार सोडा. उष्णतेने चिकटवलेले प्लास्टिक कागदाला इजा न करता पुन्हा काढता येत नाही, आणि ‘कायमस्वरूपी जतन’ असा फलक लावणाऱ्या दुकानदाराला हे ठाऊक असले तरी तो सांगणार नाही. चिकटपट्टीही लावू नका. टाचण्या गंजलेल्या असतील तर ओढून काढू नका. त्या कागद-संवर्धकाला काढू द्या. पदके चमकवू नका, कारण कडेला कोरलेले नाव आणि क्रमांक घासण्याने पुसट होतात. तूर्त प्रत्येक कागदाचे दोन्ही बाजूंनी छायाचित्र घ्या, ते आम्लरहित कागदाच्या पाकिटात सपाट ठेवा आणि सावलीच्या, कोरड्या जागी ठेवा. सेवेचा तपशील हवा असेल तर ते ज्या देशाच्या नौदलात होते त्याच्या अभिलेख कार्यालयाकडे वारसाने रीतसर अर्ज करायचा असतो. मध्यस्थ संकेतस्थळांना शुल्क देण्याआधी तो थेट करता येतो का ते पाहा. घरात आजोबांविषयी आठवणी सांगू शकणारी वयोवृद्ध व्यक्ती असेल तर ध्वनिमुद्रण याच आठवड्यात करा. आणि पुस्तिकेवर सेवाक्रमांक अजून वाचता येत असेल तर तो आजच टिपून घ्या, कारण अर्जात पहिल्यांदा तोच विचारतात.